दोन कुलपांची महालक्ष्मी

१

ज्येष्ठेला मुखवटा नव्हता. हिरवं नऊवारी, हातभर बांगड्या, गळ्यात बोरमाळ, सगळं जागच्या जागी होतं. फक्त मानेच्या वर काही नव्हतं. शेजारी धाकटी कनिष्ठा मोठाल्या डोळ्यांनी सगळ्यांकडे बघत होती. समोर पन्नास-साठ माणसं उभी होती आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता. भोपाळच्या मराठी मंडळात इतकी शांतता मी उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती.

ती फार वेळ टिकली नाही, हे सांगायला नको.

"मी म्हणत होतो नं!" गजाननराव हरकरे ओरडले. "या लोकांवर विश्वास ठेवू नका म्हणून मी म्हणत होतो!"

"'या लोकांवर' म्हणजे कुणावर?" भालचंद्र लिमये थंडपणे म्हणाले. लिमये नेहमीच थंडपणे बोलतात. आवाज चढवणं त्यांच्या पुण्यात बसत नाही.

आमच्या गावात मराठी माणूस दोन वाटांनी आला. छप्पन साली नवं राज्य झालं, नागपूरच्या कचेऱ्या फायलींसकट उचलून इथे आणल्या, तेव्हा कारकून आणि अधिकारी बायकापोरांसह टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरांत उतरले. हे टी. टी. नगरवाले, गजाननराव त्यांचे पुढारी, सचिवालयात सेक्शन ऑफिसर. पुढे इंद्रपुरीपलीकडे मोठा कारखाना उभा राहिला, टाउनशिप वसली, आणि पुण्या-मुंबईचे इंजिनिअर आले. हे कारखानेवाले, भालचंद्र लिमये त्यांचे म्होरके. दोघांची भाषा एक, देव एक, आणि एकमेकांचं तोंड बघायची तयारी नाही. भांडण नेमकं कशावरून सुरू झालं, ते आता दोघांनाही आठवत नाही. कुणी म्हणतं नाटकावरून, कुणी म्हणतं पंगतीवरून. पण कारण विसरलं म्हणून भांडण थोडंच विसरायचं असतं?

मी दोघांचीही नाही. मी देवासची. आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या माळव्यातलं. टी. टी. नगरवाल्यांच्या लेखी मी 'हिंदीवाली' आणि कारखानेवाल्यांच्या लेखी माझी मराठी जरा पातळ झालेली. टाउनशिपच्या मराठी प्राथमिक शाळेत मी हेडमास्तरीण होते. निवृत्त झाले तरी सगळे 'कमलिनीबाई' म्हणतात आणि थोडे घाबरतात, तेवढं मला पुरतं.

त्या वर्षी समेट झाला. कारण साधं होतं: कारखान्याने टाउनशिपमधला हॉल मंडळाला द्यायचं कबूल केलं, पण मंडळ एकच हवं अशी अट घातली. जागा मिळतेय म्हटल्यावर प्रेम उतू गेलं. एकच गणपती आणि एकच महालक्ष्मी बसवायच्या ठरल्या. थोरलीचा मुखवटा टी. टी. नगरच्या सुशीलाबाई पांढरीपांड्यांच्या घरचा, धाकटीचा एका कारखानेवाल्याच्या घरचा. आणि हॉलच्या दाराला दोन कुलपं. एकाची किल्ली गजाननरावांकडे, दुसरीची लिमयांकडे. दोघं आल्याशिवाय दार उघडायचं नाही. समेट असावा तर असा!

काल संध्याकाळी आवाहन झालं. आज पूजनाच्या सकाळी दोघांनी सगळ्यांदेखत आपापली कुलपं उघडली, पडदा सारला, आणि थोरली बिनचेहऱ्याची.

सुशीलाबाई रडल्या नाहीत. सासूच्या सासूपासून चालत आलेला पितळी मुखवटा गेला, तरी ती बाई भिंतीला टेकून ताठ बसली होती. मग हळूच म्हणाली, "मंगलाताई, तिच्या निऱ्या विस्कटल्या जी. तेवढ्या सावरा नं."

मंगला लिमये, भालचंद्ररावांची बायको, पुढे झाली. निऱ्यांना हात घातला आणि तशीच थिजली. तिच्या बोटांत प्लास्टिकच्या वेष्टनातला कारखान्याचा गेटपास होता. त्यावर फोटो होता तिच्याच मुलाचा, अच्युतचा.

२

"रपट लिहायची," गजाननराव म्हणाले. "सीधी बात. पोलीस थाण्यात नाव द्यायचं."

अच्युत तिथेच उभा होता, पांढराफटक. तिशीचा इंजिनिअर, पण चेहरा अजून चौथीतला. सरकारी कारखान्यातल्या माणसाचं नाव थाण्यात गेलं की पुढचं सगळं ठरलेलं असतं: आधी निलंबन, मग चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत केस पांढरे. आणि ही काही सायकल नव्हे, देवीचा मुखवटा होता. निर्दोष सुटला असता तरी गावात 'देवी चोर' म्हणूनच मेला असता.

मंगला माझ्याकडे आली. माझा हात तिने इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "बाई, तुम्ही त्याला ओळखता. तुमच्या हाताखाली शिकलाय. तुम्ही काहीतरी करा."

मी मोठ्याने म्हणाले, "संध्याकाळच्या पूजेपर्यंत मला वेळ द्या. मुखवटा मिळाला नाही, तर मी स्वतः थाण्यात येईन."

दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे पाहिलं. मी कुणाचीच नसल्यामुळे कुणाला हरकत घेता येईना. "सूर्य मावळेपर्यंत," गजाननराव म्हणाले. "त्यापुढे एक मिनिट नाही."

सगळे बाहेर गेल्यावर मी देवीसमोर एकटीच उभी राहिले. वळसा घालून तिच्या पाठीशी गेले, तर पायाला काहीतरी लागलं. शेंडीचा नारळ होता, हळदीकुंकवाची बोटं ओढलेला, एकटाच मागे पडलेला. पाय लागला म्हणून नमस्कार केला आणि उचलून पाटावर ठेवला. मग मुंग्या दिसल्या. काळ्या मुंग्यांची एक रांग हिरव्या लुगड्यावरून वर चढत थेट ज्येष्ठेच्या उजव्या कापडी तळहातापर्यंत गेली होती. तळहातावर पांढरा, वाळलेला ठिपका होता. बोटाने उकरून वास घेतला. दही होतं आणि दह्यात साखर. पंचामृत उडालं असेल, असं मला आधी वाटलं. पण पंचामृत उडतं तेव्हा शिंतोडे पडतात. हा ठिपका तळव्याच्या बरोबर मध्यावर ठेवला होता.

मी दोन्ही पुढाऱ्यांना हॉलच्या बाजूच्या खोलीत बोलावलं. एकाच बाकावर बसवलं. शाळेतही मी भांडखोर पोरांना एकाच बाकावर बसवत असे.

"काल दार कुणी लावलं?"

"दोघांनी," लिमये म्हणाले. "म्हणजे आधी यांना त्यांचं कुलूप वरच्या कडीला हवं होतं."

"वरचीच कडी मजबूत हाय तिथली! खालची तर लाथेनं तुटते."

"म्हणूनच ती आम्हाला देत होतात, नाही का?"

"आणि किती वेळ चाललं हे?" मी विचारलं.

दोघंही आपापल्या किल्लीकडे बघू लागले. बराच वेळ चाललं असणार.

"कुलपं लावायच्या आधी तुमच्यापैकी कुणी आत जाऊन देवीकडे पाहिलं?"

गजाननराव म्हणाले, "मी यांच्या हातांकडे बघून राहिलो होतो. किल्लीची नक्कल करतील म्हणून."

लिमये म्हणाले, "मी यांच्याकडे."

मला हसू आवरेना. दोन कुलपं धड होती, खिडक्यांचे गज धड होते. मग रात्री हॉलमध्ये कुणी गेलंच नव्हतं. कुलपं लागली तेव्हा देवी आधीच निघून गेली होती, आणि ही दोन थोर माणसं रिकाम्या मखरावर कुणाचं कुलूप वर असावं यासाठी भांडत होती.

"शेवटी आत कोण कोण होतं?"

"अच्युत शिडीवर होता, दिव्यांची माळ बांधत," लिमयांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मंगला होती. आणि सुशीलाबाई."

३

अच्युत हॉलच्या मागच्या पायरीवर बसला होता. मी शेजारी टेकले.

"पास कुठे होता तुझा?"

"शर्टाच्या खिशात. शिडीवर घाम येत होता म्हणून शर्ट काढून पडद्याजवळच्या खिळ्याला टांगला होता. काम झाल्यावर घातला आणि शिडी घेऊन बाहेर आलो. आज सुट्टी, म्हणून पास आहे की नाही ते बघितलंच नाही."

"शर्टाजवळ कोण होतं?"

"बायका होत्या. एकमेकींची ओटी भरत होत्या. मी तिकडे बघत नव्हतो."

"तिकडे म्हणजे कुणाकडे?"

त्याने मान खाली घातली. "सुशीलाकाकूंकडे. मला त्यांच्याकडे बघवत नाही, बाई. चार वर्षं झाली."

ही गोष्ट गावाला माहीत होती, मलाही. सुशीलाबाईंची मुलगी कांचन आणि हा अच्युत यांचं जमलं होतं. कॉलेजची बस, लायब्ररी, जे असतं ते सगळं. तेव्हा दोन्ही गटांची तोंडं एकमेकांवर तलवारीसारखी उपसलेली. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी नाही म्हटलं आणि लग्न मोडलं. बोभाटा झालेल्या मुलीला घाईघाईने वर्ध्याकडच्या एका घरात देऊन टाकलं. नवऱ्याने दुसऱ्या वर्षी दुसरी आणली. आता कांचन आईबापाकडे राहून फॉल-पिको करते. तिला हळदीकुंकवाला कुणी बोलवत नाही, कारण नवऱ्याने टाकलेली.

"तू तेव्हा काय म्हणालास रे?"

"मी..." तो थांबला. "बाबा म्हणतील तसं, असं म्हणालो."

एक कानफटात वाजवायची फार इच्छा झाली. वय झालं म्हणून सोडली. "चोरी तू केलेली नाहीस," मी उठताना म्हणाले, "पण तेवढ्याने तू चांगला ठरत नाहीस."

मंगला घरी देवासमोर हात जोडून बसली होती. तबकात पाच खडे होते, हळदीकुंकू वाहिलेले. लिमयांच्या घरी खड्याच्या गौरी असतात.

"मंगला, तुमच्या गौरींना निरोप देताना हातावर दही ठेवता का गं?"

ती एवढ्या दुःखातही बघतच राहिली. "खड्याला कुठला हात, बाई? आम्ही पाण्यात सोडतो झालं."

"बरं. काल सुशीलाबाईंची ओटी तू भरलीस?"

"समेटाचं ठरलंच होतं तसं. त्यांनी माझी भरायची, मी त्यांची. तांदूळ घातले, खण, सुपारी, हळकुंड."

"आणि नारळ?"

"नारळाशिवाय ओटी असते का? शेंडीचा होता, मी स्वतः निवडलेला. पाण्याने जड."

"त्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढली होतीस?"

"हो. का?"

"मग तू बाहेर आलीस आणि त्या?"

"म्हणाल्या, समईत तेल घालून येते. आल्याच लगेच. पदर दोन्ही हातांनी धरला होता, भरलेला. हे दोघं कुलपावरून भांडत होते, तरी त्यांना वाट द्यायला बाजूला झाले." मंगला थांबली. माझ्या चेहऱ्यावर तिला काहीतरी दिसलं असावं. "बाई, काय झालं?"

"काही नाही. दिवेलागणीच्या आत हॉलवर ये. आणि येताना खण-नारळ घेऊन ये."

आपण बाजूला होऊन कशाला वाट दिली, हे अच्युतचा बाप कुठल्या चेहऱ्याने ऐकेल, याची मला उत्सुकता लागली होती. खोटं कशाला बोलू? आनंदच होत होता.

४

टी. टी. नगरातलं पांढरीपांड्यांचं क्वार्टर दोन खोल्यांचं. शिवणयंत्राचा आवाज बाहेरूनच येत होता. विनायकराव, सुशीलाबाईंचे यजमान, ऑफिसला गेले होते. राज्य सरकारला महालक्ष्मीची सुट्टी नसते, आणि गजाननरावांसारखी रजा सगळ्यांना मिळत नाही. कांचनने दार उघडलं. गळ्यात मोजपट्टी होती, केसांना दोरे चिकटले होते. मला बसायला सांगून ती चहा टाकायला आत गेली.

सुशीलाबाई मखराच्या रिकाम्या जागेसमोर बसल्या होत्या. दरवर्षी त्यांची थोरली इथे उभी राहायची.

"मिळाला का जी मुखवटा?" त्यांनी विचारलं.

"मिळाला," मी म्हणाले. "तुमच्या तांदळाच्या डब्यात आहे."

डब्याचं मी अंदाजाने म्हणाले. धान्यावर बसणारी देवी. ती बाई तिला ट्रंकेत किंवा माळ्यावर कोंबणार नाही, एवढी खात्री होती. सुशीलाबाईंची नजर एकदा स्वयंपाकघराच्या कोपऱ्याकडे गेली आणि परत आली. बस्स.

"कसं कळलं?" त्या शांतपणे म्हणाल्या. नाकारायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

"नारळ मागे राहिला तुमचा. ओटीत एक पितळी मुखवटा मावला, त्यावर नारळ मावला नाही. कुठलीही सवाष्ण ओटीचा नारळ देवीपाशी विसरून येत नाही, सुशीलाबाई. आणि भरल्या ओटीत डोकावून बघायची कुणा पुरुषाची छाती होणार नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं."

"आणखी?"

"आणखी दही. चोर चोरलेल्या वस्तूच्या हातावर दहीसाखर ठेवत नाही. ज्याच्या घरची ती आहे, तोच ठेवतो. मंगलाकडे खडे असतात, तिला तर हे सुचणारही नाही. तुम्ही थोरलीला निरोप दिल्याशिवाय उचलू शकला नाहीत."

सुशीलाबाईंचे डोळे तेव्हा पहिल्यांदा भरले. "कशी उचलू? लेकीसारखी आहे ती. लेक घरातून निघाली तर हातावर दही ठेवतेच नं आई. कांचन वर्ध्याला गेली तेव्हाही ठेवलं होतं."

"आणि पास?"

डोळे लगेच कोरडे झाले. "तो मी खिशातून काढला. निऱ्यांखाली ठेवला. आणि त्याच्या आईलाच निऱ्या सावरायला सांगितलं. आईच्या हातात पोराची बरबादी कशी लागते, ते कळू दे म्हटलं एकदा. मला कळलं तसं."

बाई सूड घ्यायला बसली होती, हे मला माहीत होतं. पण इतका बारीक विणलेला असेल, याची कल्पना नव्हती. मनात म्हटलं, या बाईला शाळेत घ्यायला हवी होती.

"का पण आता? चार वर्षं गप्प राहिलात."

"चार वर्षं या पुढाऱ्यांची भांडणं चालू होती, म्हणून!" त्यांचा आवाज फुटला. "दुश्मनी मोठी आहे, पोरीचं लग्न छोटं, असं मला समजावलं नं यांनी? मी मानलं. मुकाट्यानं मानलं, बाई. आणि आता एका हॉलसाठी गळ्यात गळे! पेढे काय, फोटो काय! मग ते चार वर्षांआधी का नाही जमलं? माझी पोरगी त्या हॉलपेक्षा हलकी होती का? समेटाच्या बैठकीत सात खुर्च्या होत्या. एक तरी माझ्या कांचनसाठी मांडली होती? वरून माझी देवी. 'सुशीलाबाईंची थोरली आणू' म्हणे. मला विचारलं पण नाही. पोरगी गेली, आता देवी पण द्या!" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "सांगा जाऊन. थाण्यात सांगा. मला पस्तावा नाही."

आतून कप आपटल्याचा आवाज आला. कांचन दारात उभी होती. चहा तिच्या हातावर सांडला होता, पण तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"आई, तू अच्युतला थाण्यात पाठवत होतीस?"

"तुझ्यासाठी, बेटा."

"माझ्यासाठी!" ती हसली. ते हसू ऐकून मला खुर्चीत बसवेना. "लग्न मोडलं तेव्हा मला कुणी विचारलं नाही. लावून दिलं तेव्हा नाही. आता माझ्या नावानं बदला घेतलास, तोही मला न विचारता. गजाननकाका आणि तू, फरक काय गं?"

सुशीलाबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. इतका मोठा घाव त्यांना त्या दोन पुढाऱ्यांनी मिळूनसुद्धा घातला नसेल.

कांचन स्वयंपाकघरात गेली. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या पदरात तांदळाने माखलेला, पिवळाधमक पितळी चेहरा होता.

"बाई, चला," ती म्हणाली. "आई, तूही चल. बदला घ्यायचाच असला तर पुरा घेऊ. पण मी सांगीन तसा."

५

हॉलच्या दारात रिक्षा थांबली तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. आत सगळे जमले होते. टी. टी. नगरवाले डावीकडे, कारखानेवाले उजवीकडे, मधे सतरंजीची एक मोकळी पट्टी. गजाननराव घड्याळ बघत होते. अच्युत खांबाला टेकून उभा होता, अर्धमेला.

मी आधी आत गेले. "मुखवटा सापडला," म्हणाले. "अच्युतने चोरला नव्हता. आणि कुलपं लागल्यावर मुखवटा गेलाच नव्हता. तुम्ही दोघं कडीवरून भांडत होतात तेव्हा तुमच्या मधून, तुमच्या नाकासमोरून गेला. तुम्ही बाजूला होऊन वाट दिलीत."

"कुणी नेला?" दोघांनी एकदम विचारलं. चला, एका तरी प्रश्नावर एकमत झालं.

"मी." सुशीलाबाई उंबऱ्यात आल्या. "माझी होती, मी नेली. आणि पास मी ठेवला."

मग गलका झाला तो विचारू नका. गजाननरावांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांच्याच गटाची बाई! लिमये चष्मा काढून पुसू लागले. मंगला खण-नारळाचं आणि कुंकवाचं तबक घेऊन बसली होती. तिने सुशीलाबाईंकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे, ज्यांत सकाळी तो पास आला होता. तिला कळलं. बायकांना असलं लगेच कळतं.

"हिच्यावर रपट करायची!" कारखानेवाल्यांतून कुणीतरी ओरडलं.

"करा," बाहेरून आवाज आला. "पण आधी पूजा करायची असेल तर माझ्याकडे बघा."

कांचन उंबऱ्याबाहेर उभी होती. पदर दोन्ही हातांनी उचललेला, त्यात थोरलीचा मुखवटा. संध्याकाळचं ऊन पितळेवर पडलं होतं. नवऱ्याने टाकल्यापासून मंडळाच्या बायकांनी जिला दारात उभं केलं नव्हतं, ती आता दारातच उभी होती, आणि तिच्याशिवाय पुढे काही होत नव्हतं.

"दे ती इकडे, बेटा," गजाननराव मऊ आवाजात म्हणाले. "आपण सगळं मिटवू."

"देईन, काका. पण आईनं हिला निरोप दिला होता. आता ती पुन्हा पाहुणी आहे. घरात घ्यायची तर नीट घ्यावी लागेल. आणि पाहुण्याला घ्यायच्या आधी घर झाडतात." ती मुळीच ओरडत नव्हती. "चार वर्षांआधी माझ्या घरी येऊन तुम्ही एक वाक्य बोलला होतात. तेच वाक्य आता बोला. देवीसमोर, सगळ्यांसमोर. मी आतल्या खोलीतून ऐकलं होतं. आता समोरून ऐकायचंय."

"कोणतं वाक्य? मला काही आठवून नाही राहिलं."

"मला आठवते," सुशीलाबाई म्हणाल्या. "सांगू?"

गजाननरावांनी आजूबाजूला पाहिलं. त्यांचे लोक त्यांच्याकडेच बघत होते. सूर्य खिडकीच्या गजांपर्यंत खाली आला होता. त्या माणसाला मी इतकी वर्षं भाषणं करताना ऐकत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला शब्द शोधावे लागले.

"मी म्हटलं होतं," ते पुटपुटले, "की कारखानेवाल्यांत पोरगी दिली, तर तुमच्या दारात कुणी पाणी प्यायला येणार नाही."

"मोठ्यानं," कांचन म्हणाली.

त्यांनी मोठ्याने म्हटलं. हॉलच्या कोपऱ्यापर्यंत पोचलं.

"लिमयेकाका."

लिमये ताठ उभे राहिले. "मी काहीही वावगं बोललो नव्हतो. उलट मी म्हणालो होतो की मुलगी चांगली आहे."

"पुढे?"

लिमयांनी चष्मा घातला, काढला. "मुलगी चांगली आहे हो," त्यांचा आवाज चिरला, "पण त्या लोकांतली आहे."

आरडाओरडा करून बोललेल्या शब्दापेक्षा हा हळू बोललेला शब्द जास्त खोल गेला होता, आणि आता परत फिरून बोलणाऱ्यालाच लागला. मला वाईट वाटलं का? अजिबात नाही. मी त्या दोघांचे चेहरे डोळे भरून पाहून घेतले.

अच्युतला सांगावं लागलं नाही. तो खांबापासून पुढे आला. "मी म्हणालो, बाबा म्हणतील तसं," तो म्हणाला आणि ओक्साबोक्शी रडू लागला.

कांचनने त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता हिचे डोळे भरतील. तसं झालं नाही. "आईनं केलं ते चूक होतं," ती म्हणाली. "तुमच्यावर चोरीचा आळ यायला नको होता. तो आता गेला. पण तुम्ही जे खरंच केलंत, ते तुमच्याजवळच राहील." मग तिने मान वळवली. पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

थाण्याचं नाव नंतर कुणीच काढलं नाही. काढणार कोण?

ऊन उतरत चाललं होतं. दारात पाहुणी उभी होती, आणि रीत अशी की घरातल्यांनी विचारल्याशिवाय ती आत येत नाही. डावीकडच्या बायका उजवीकडे बघत होत्या, उजवीकडच्या डावीकडे. शेवटी मंगला उठली. मधली मोकळी पट्टी ओलांडून उंबऱ्याशी आली. तिने कुंकवाच्या पाण्यात हात बुडवून जमिनीवर पावलं काढली, कांचनच्या पायांपासून आतपर्यंत. सकाळी ज्या बाईने तिच्या काळजात सुरी फिरवली होती, त्याच बाईच्या मुलीसमोर ती वाकली होती. मग तबकातला खण-नारळ उचलून तिने कांचनची ओटी भरायला हात पुढे केला.

"नको, काकू," कांचन म्हणाली. "ओटीत जागा नाही. विचारायचं तेवढं विचारा."

काल हाच प्रश्न सगळ्यांनी हसत विचारला होता आणि आतून उत्तर ठरलेलं आलं होतं: महालक्ष्मी आली, सोन्याच्या पावलांनी आली.

"कोण आलं?" मंगलाने विचारलं.

"मी आले," कांचन म्हणाली.

"कशाच्या पावलांनी आलीस?"

"माझ्याच," ती म्हणाली, आणि थोरलीला घेऊन उंबरा ओलांडून आत आली.